कारण सबळ नाही

बस डेपोच्या वरच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत बसून दोनशे चौदा ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या आणि रजा लावणाऱ्या माणसाला सगळा डेपो रजामास्तर म्हणायचा. मास्तरकीशी त्यांचा संबंध एवढाच की, ते लाल पेन वापरत. एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही खोटी रजा सुटून गेली नव्हती, निदान त्यांचा तसा समज होता. त्यासाठी त्यांनी एक वहीच घातली होती. प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाचं एक पान, आणि त्या पानावर त्याच्या वारलेल्या नातेवाइकांची तारीखवार नोंद. एक माणूस दोनदा वारता कामा नये, हे त्यांचं तत्त्व होतं. तसं पाहिलं तर यात काही वावगं नाही. पण एका ड्रायव्हरच्या पानाला खाली दुसरा कागद चिकटवावा लागला होता. सहा वर्षांत त्याची अकरा माणसं गेली होती. डेपोत त्याला दुखवटे म्हणत. तो नेहमी समुद्राकडच्या लांब गाडीवर असायचा आणि चेहऱ्याने कायम प्रसन्न असायचा.

आता गंमत अशी की, दुनियेच्या रजा लावणाऱ्या या माणसाला स्वतःची रजा म्हणून कधी लागली नाही. शाळांना सहामाहीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की गाड्यांना गर्दी. गर्दी झाली की डेपोतल्या रजा बंद. तसं परिपत्रक मॅनेजरच्या सहीने निघे, पण टाइप मास्तरच करत. म्हणजे मुलगी मोकळी झाली की बाप अडकायचा, आणि बाप मोकळा झाला की मुलगी शाळेच्या भूगोलात बुडालेली असायची.

मुलीला समुद्र दाखवायचा, ताईकडे आठ दिवस राहायचं, असं मास्तरांनी ती दुसरीत असताना कबूल केलं होतं. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, मुलीची आत्या. तिचं घर नऊ तासांवर, अगदी किनाऱ्याला लागून. त्या वेळी मोठ्या उत्साहाने एक लाल बादली आणि छोटं फावडं आणलं होतं. फावडं कुंडीत गेलं. बादलीत बायको कपड्यांचे चिमटे ठेवायला लागली. पहिली तीन वर्षं मुलगी "कधी जायचं?" विचारायची. मग तिने विचारणं सोडलं, आणि ते मास्तरांना जास्त झोंबलं.

त्यात या वर्षी ताईचा फोन आला. "डिसेंबर संपला की मी हे घर सोडून मुलाकडे राहायला जाणार आहे. यायचं तर आता या. नंतर समुद्र असेल रे, मी नसेन." ताईला नाटकी बोलायची सवय होती, पण बातमी खरी होती.

नेमकी त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली. जूनपासूनच्या नव्या वर्षाचं शालेय वेळापत्रक कसं असावं, सुट्ट्या कधी असाव्यात, याबद्दल पालकांची मतं मागवली होती. मास्तरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या शाळेची सहामाहीची सुट्टी इतर शाळांपेक्षा तीन आठवडे पुढे ढकलायची. तेव्हा गाड्या रिकाम्या असतात, रजा खुल्या असतात. इतकं सोपं!

"तुम्ही यात पडू नका," बायको म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात बसायची, आणि दुखणं वेळेवर ओळखायची तिला सवय होती. "एका पानाची चिठ्ठी आहे. दोन ओळी लिहा आणि द्या पाठवून."

"अगं, दोनशे चौदा माणसांना सांभाळतो मी. तीनशे पालक म्हणजे काय?"

बायकोने चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली आणि पेन शोधून दिलं.

पालकसभेत मास्तर उभे राहिले आणि म्हणाले की, अशी तोंडी मतं घेऊन काही होत नसतं, त्याला पद्धत लागते. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गेली सव्वीस वर्षं अशाच एखाद्या माणसाची वाट पाहत असाव्यात. त्यांनी मास्तरांना तिथल्या तिथे वेळापत्रक समितीचे सचिव करून टाकलं. समितीत दुसरं कुणी नव्हतं.

मास्तरांनी सात प्रश्नांचा फॉर्म तयार केला. तो घेऊन जिना चढताना तळमजल्यावरचे शेजारी भेटले. हे निवृत्त जमीन मोजणीदार होते, आणि निवृत्तीनंतर त्यांना मोजायला काही उरलं नव्हतं.

"सात प्रश्न?" ते चष्मा वर करून म्हणाले. "मास्तर, मत नुसतं घेऊन काय करणार? ते मोजता आलं पाहिजे. एक ते दहा आकडे टाका. सुट्टी किती हवी, ते आठ की नऊ?"

"आठ काय, नऊ काय?"

"ते नंतर ठरवता येतं."

संध्याकाळपर्यंत फॉर्म तेवीस प्रश्नांचा झाला. त्यातला एकोणिसावा प्रश्न, "आपल्या इमारतीत मुले दुपारी कोणत्या वारी जास्त आरडाओरडा करतात?" हा सर्वस्वी मोजणीदारांचा होता. वेळापत्रकाशी त्याचा काय संबंध, ते मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण भिडेखातर राहिला.

फॉर्म वाटले गेले, आणि तीनशे सहा परत आले. यात मास्तरांना धन्यता वाटली असती, पण शाळेच्या हेडक्लार्कने ते घेतलेच नाहीत. "शाळेत आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक लागतो," तो म्हणाला. "क्रमांक टाकायला माझ्याकडे माणूस नाही. तुम्ही सचिव आहात, तुम्ही टाका." मग सलग तीन शनिवार रजामास्तर शाळेच्या ऑफिसात, पाचवीतल्या मुलांच्या मापाच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन क्रमांक टाकत बसले. येणारा-जाणारा प्रत्येक शिक्षक त्यांना विचारायचा, "कुणाचे पालक? काय केलं मुलाने?"

पालकांची मतं हा एक वेगळाच विषय आहे. एकाने लिहिलं होतं, "सुट्टी असूच नये. मुलं घरी असतात." एकाने लिहिलं होतं की परीक्षा सुट्टीआधी घ्यावी, म्हणजे मुलं सुट्टीत मोकळी राहतील. त्याच्याच शेजारणीने लिहिलं होतं की परीक्षा सुट्टीनंतर घ्यावी, म्हणजे सुट्टीत मोकळी राहणार नाहीत. एका फॉर्मवर निळ्या शाईत 'शनिवारी शाळा असावी' होतं आणि खाली काळ्या शाईत 'मुळीच नसावी'. ते नवरा-बायको असावेत, कारण पुढचं सगळं भांडण समासात होतं. कुठल्याशा कारखान्यातल्या गृहस्थाने एक दिवस शाळा, एक दिवस सुट्टी असं सुचवलं होतं, कारण त्याची पाळी तशी असते. जुळ्यांच्या आईने एवढंच लिहिलं होतं, "काय वाटेल ते करा, पण लवकर कळवा."

मास्तरांनी घरातल्या भिंतीवर चार कागद जोडून तक्ता लावला. सगळ्यांनी मागितलेल्या सुट्ट्यांची बेरीज केली तेव्हा ती वर्षाला चारशे अकरा दिवस निघाली. मोजणीदारांनी ती पुन्हा करून पाहिली आणि बरोबर असल्याचं सांगितलं.

त्यातच क्रमांक दोनशे सात हाती आला. तेवीसच्या तेवीस प्रश्न कोरे होते. खाली 'इतर सूचना' मध्ये गोल, नीटनेटक्या अक्षरात एक ओळ होती. "कुठलीही तारीख चालेल. आमच्या घरी फरक पडत नाही."

अक्षर मास्तरांच्या रोजच्या ओळखीचं होतं. स्वयंपाकघरातल्या वाणसामानाच्या यादीत ते दर महिन्याला असायचं. त्यांच्या लेकीने आईला विचारून घरचा फॉर्म भरला होता. मास्तरांनी तो आधी 'मत नाही' च्या गठ्ठ्यात ठेवला. मग काढून घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातला. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते जास्त काम करत.

शेवटी वेळापत्रक तयार झालं. सहामाहीची सुट्टी तीन आठवडे पुढे. त्याच्या पुष्ट्यर्थ नऊ तक्ते, दोन आलेख आणि आरडाओरड्याचं एक परिशिष्ट. सभेत मास्तरांनी पहिला तक्ता उलगडला, तशी एका पालकाने घाईघाईने मंजुरी सुचवली. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. उरलेले आठ तक्ते पाहावे लागू नयेत म्हणून सगळ्यांनी एकमताने हात वर केले. मास्तरांना हा आपल्या पद्धतीचा विजय वाटला.

मोठ्या बाई खूश झाल्या. "आणखी एक करा," त्या म्हणाल्या. "पालक शाळा चालू असताना मुलांना घेऊन खुशाल गावाला जातात. त्यावर एखादा नियम सुचवा ना. तुमचा अनुभव दांडगा आहे."

हे मास्तरांच्या हातचं काम होतं. त्यांनी बसल्या बैठकीला नियम नऊ लिहिला. 'शाळा सुरू असताना विद्यार्थ्यास रजा फक्त स्वतःचे आजारपण, जवळच्या नातेवाइकाचे आजारपण अथवा निधन याच कारणास्तव मिळेल. पुरावा आवश्यक. सहल, पाहुणचार, हौस ही सबळ कारणे धरली जाणार नाहीत.' 'हौस' हा शब्द त्यांना फार आवडला. त्याखाली त्यांनी रेघसुद्धा मारली.

घरी येऊन त्यांनी बादलीतले चिमटे काढून एका डब्यात ठेवले आणि बादली धुतली. मुलीने ते पाहिलं. त्या दिवशी जेवताना तिने आपणहून विचारलं, "बाबा, तिकडे पाणी खरंच खारट असतं का हो?"

शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं, पहिले दोन महिने सुखाने गेले, आणि एके सकाळी मॅनेजरने मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला होता.

"मास्तर, गावातल्या बत्तीसच्या बत्तीस शाळांची सहामाहीची सुट्टी तीन आठवडे पुढे गेलीय! कुण्या दीडशहाण्याने हे केलंय देव जाणे."

"बत्तीस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "एका शाळेची गेली असेल, साहेब."

"सगळ्या! शिक्षण खात्याला वेळापत्रक द्यायची मुदत आली होती म्हणे, आणि कुणाचंच तयार नव्हतं. एका शाळेचं होतं. नऊ तक्ते, परिशिष्ट वगैरे. बाकीच्यांनी नाव बदलून तेच पाठवलं." मॅनेजरने कागद पुढे सरकवला. "तर त्या नव्या तारखांना रजा बंद. परिपत्रक टाइप करा. आणि जुन्या तारखांना गाड्या ओस पडणार आहेत, तेव्हा कुणाला हव्या तेवढ्या रजा द्या. तुम्हीही घ्या. एकोणीस वर्षांत घेतली नाहीत."

मास्तरांनी परिपत्रक टाइप केलं. त्यात त्यांच्याकडून आयुष्यात पहिल्यांदा दोन चुका झाल्या.

म्हणजे स्थिती अशी की, जुन्या तारखांना बाप मोकळा आणि मुलगी शाळेत. नव्या तारखांना मुलगी मोकळी आणि बाप डेपोत. सात महिने राबून मास्तरांनी सगळं गाव तीन आठवडे पुढे सरकवलं होतं, आणि स्वतः होते तिथेच होते.

"आठ दिवस शाळा बुडवू," बायको म्हणाली. "सातवी आहे, काही आभाळ कोसळत नाही."

"नियम नऊ आहे."

"कुणी केला मेल्याने?"

मास्तर खिशातल्या लाल पेनाशी चाळा करू लागले. मग बायकोला समजलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

तरीही मास्तर सरळमार्गी माणूस. त्यांनी मुलीच्या रजेचा अर्ज खरा लिहिला. 'मुलीला समुद्र दाखवायचा आहे. पाच वर्षांपूर्वी कबूल केले आहे. तिची आत्या या वर्षअखेर तेथील घर सोडणार आहे.' असा अर्ज त्यांनी जन्मात लिहिला नव्हता, लिहिताना कान गरम झाले. दोन दिवसांनी तो परत आला. कोपऱ्यात मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षरात, लाल शाईने, तीन शब्द होते. 'कारण सबळ नाही.'

मास्तरांना हा अपमान फार लागला. शब्द तर हुबेहूब त्यांचेच होते; डेपोतल्या नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर ते हाच शेरा मारत.

दुपारी दुखवटे ड्यूटीपत्रकावर सही करायला वर आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनी घसा खाकरला. "मला जरा एक माहिती हवी होती. अभ्यासासाठी. नातेवाइकाच्या आजारपणाचा अर्ज... म्हणजे साधारण... कसा लिहितात?"

दुखवटेने टेबलावरचा परत आलेला अर्ज पाहिला. मग मास्तरांकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसला. आजवर तो या खोलीत बसला नव्हता.

"मास्तर, एक विचारू? मी पहिला अर्ज काय दिला होता, आठवतं तुम्हाला?"

"तुझे मामा वारले होते." मास्तरांची वही त्यांना पाठ होती.

"तो दुसरा. पहिल्यात खरं लिहिलं होतं. पोरगा पहिलीत होता, शाळेत नाटक होतं. तो झाड होणार होता. नुसतं उभं राहायचं होतं, पण आठ दिवस घरात दारामागे उभा राहून सराव करत होता. मी लिहिलं, मुलगा झाड होणार आहे, एक दिवसाची रजा मिळावी. तुम्ही शेरा मारलात."

मास्तरांना शेरा कुठला ते विचारायची गरज नव्हती.

"मी गाडीवर गेलो. पोरगा उभा राहिला म्हणे छान, सगळा वेळ मला शोधत होता. तेव्हापासून मी माणसं मारायला लागलो." दुखवटे हे रागाने बोलत नव्हता. गाडी कुठे थांबते ते सांगावं, तसं सांगत होता. "राग नाही, मास्तर. तुमचा नियम होता. मी त्यात बसणारं कारण आणलं."

मास्तरांनी कपाटातला सहा वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला. झाडाचा अर्ज होता, शेराही होता, आणि शेऱ्याखाली रेघ होती. मास्तरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. शरम वाटली त्यांना. एकोणीस वर्षांत ती या खोलीत पहिल्यांदाच आली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"ते जाऊ द्या. कागद घ्या," दुखवटे म्हणाला. "आजारी कोण पाडायचं?"

"माझी ताई. मुलीची आत्या."

"चांगलं नातं आहे. पण मारायची नाही हं! नवशिके इथेच चुकतात. पहिल्या खेपेला फक्त आजारी ठेवायची. एकदम मारलीत, तर पुढच्या वर्षी काय कराल?"

मास्तरांनी ताईला फोन लावला आणि चाचरत सांगितलं की, तुझी पाठ धरली आहे असं लिहितोय. ताई भडकली. "माझी पाठ? पाठ ठणठणीत आहे माझी! उजवा गुडघा लिही. तो खरंच दुखतो, पण कुणी कधी विचारलंय?" दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरचा दाखला पाठवला. तो गुडघ्याचा होता आणि शंभर टक्के खरा होता.

मोठ्या बाईंनी अर्ज वाचला, चुकचुकल्या आणि तत्काळ सही केली. "असं सबळ कारण होतं, तर आधी ते समुद्राचं का लिहिलंत?" त्या म्हणाल्या. "काळजी घ्या ताईंची."

गाडी अर्धीअधिक रिकामी होती. दुखवटे चालवत होता. मुलगी पुढच्या सीटवर, मांडीवर लाल बादली घेऊन बसली होती. ती बादली आता तिला लहान पडत होती, पण तिने ती पिशवीत घालू दिली नाही. ताई किनाऱ्यावर गुडघ्याला पट्टा बांधून, प्रामाणिकपणे लंगडत सामोरी आली. मुलगी पाण्यात घोट्यापर्यंत गेली, बोट बुडवून चाखलं आणि मागे वळून ओरडली, "बाबा, खरंच खारट आहे!" मास्तरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तेही गेले. आठ दिवस त्यांनी कुठलाही तक्ता केला नाही.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी टेबलावर दुखवटेचा अर्ज होता. शुक्रवारी एक दिवसाची रजा हवी होती. मावशी अत्यवस्थ.

मास्तरांनी सवयीने वही उघडली. मावशी चार वर्षांपूर्वी वारली होती. तारीखवार नोंद होती.

दुखवटे समोर निर्विकार उभा होता. मास्तरांनी अर्जावर 'मंजूर' लिहिलं, सही केली आणि मान वर न करता विचारलं, "नाटक कितीला आहे?"

"सहाला."

"काय होतोय या खेपेला?"

"झाडच," दुखवटे म्हणाला. "पण आता दोन वाक्यं आहेत."

तो गेल्यावर मास्तरांनी लाल पेन उचललं, वहीत मावशीच्या नावापुढचं 'निधन' नीट पट्टी लावून खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रकृतीत सुधारणा.'